ट्रॅक्टरच्या मानेची दया

ट्रेलर स्वतःहून कुठेच जात नाही. त्याला इंजिन नाही, भोंगा नाही, रुबाब नाही. त्यामुळे त्याच्यावर कुणी लेख लिहीत नाही, आणि ज्यानं जन्मभर ट्रेलरच जोडले-मोडले त्याची ओळख करून देताना नातेवाईक "मोटारीच्या धंद्यात होते" म्हणून वेळ मारून नेतात. हैदराबादेतल्या आमच्या नल्लकुंट्याच्या मंडळानं यंदा दिवाळी अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला, तोही ज्यांच्याकडे आधी मागितला होता ते वकीलसाहेब आजारी पडले म्हणून. वकीलसाहेबांना लवकर आराम पडो. फक्त अंक छापून झाल्यावर पडला तर बरं.

माझी मराठी जरा सांभाळून घ्या. घरात मराठी, शाळेत उर्दू, बाजारात तेलुगू आणि कारखान्यात तिन्हींच्या शिव्या, असं आमचं शिक्षण झालं. वडील निजामाच्या संस्थानात महसूल खात्यात होते. रोज शेरवानी घालून कचेरीत जायचे आणि मुलगा नामपल्ली स्टेशनच्या मागं शेषरावांच्या कारखान्यात काळ्या हातांनी काम करतो हे पाहुण्यांपासून लपवायचे. पाहुणे घरात असले की मी मागच्या दारानं यायचं, असा नियमच होता. नियमांच्या बाबतीत वडील पक्के सरकारी होते.

शेषराव म्हणजे आमचे मालक. लढाई संपल्यावर लष्करानं आपला निरुपयोगी माल लिलावात काढला. त्यातले दोन चाकी ट्रेलर शेषरावांनी ढिगानं उचलले आणि एका रात्रीत ते यंत्रतज्ज्ञ झाले. यंत्राला त्यांनी जन्मात हात लावला नाही. हात लावायला आम्ही होतो: मी आणि इब्राहीम उस्ताद. उस्ताद म्हणजे कारखान्याचा मुख्य मिस्त्री. लोहारकाम, सुतारकाम, जोडकाम, सगळं त्याच्याकडे. माझ्याकडे उस्तादच्या शिव्या खाणं.

ट्रेलर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढं अडायला नको. दोन चाकं, मध्ये एक कणा, त्यावर फळ्यांची पेटी. पेटीच्या पुढं एक लांब लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला कडी. ती कडी ट्रॅक्टरच्या मागच्या हुकात बसवायची आणि हुकाच्या तोंडावर वरून खटका पाडायचा, म्हणजे कडी निसटत नाही. झालं. एवढ्यावर आमची हयात गेली.

निवडताना काय बघावं, असं मला अजूनही लोक विचारतात आणि सांगितलेलं अजूनही ऐकत नाहीत. कणा सरळ आहे का बघा. दोन्ही बाजूंचे स्प्रिंगचे पाटे सारखे बसलेत का बघा. खाली वाकून फळ्या आतून कुजल्यात का बघा, कडी झिजलीय का बघा. आमची गिऱ्हाइकं मात्र ट्रेलर बघायला यायची ती बैल बघायच्या तयारीनं. लांबून एक चक्कर, मग पाठीवर थाप, मग "आधी कुणाच्या घरी होता?" सौदासुद्धा बैलबाजाराच्या रीतीनं, रुमालाखाली बोटं धरून. शेषराव त्यात पटाईत. रुमालाखाली काय ठरलं ते त्या दोघांना आणि देवालाच ठाऊक, पण गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि जाताना विचारायचं, "लाल रंगात नाही का?"

देखभालीची तीच कथा. चाकातल्या बेअरिंगला ग्रीस लागतं, स्वच्छ, बिनधुळीचं. मेदककडच्या एका देशमुखानं त्यात बैलगाडीचं वंगण भरलं, एरंडेल आणि काजळी कालवून, वर चिंधीचा बोळा. "आमच्या आजोबांपासून हेच घालतो" म्हणाला. आजोबांच्या गाडीला बेअरिंग नव्हतं हे त्याला सांगून उपयोग नव्हता, कारण त्याच्या मते दोष आमचा होता. ट्रेलर चालताना रडतो, अशी त्याची तक्रार. उस्तादनं चाक उघडलं तर बेअरिंगचा चुरा हातात आला.

उस्तादला दोन गोष्टींची चीड होती. एक, ग्रीसच्या डब्याचं झाकण उघडं राहणं. डब्यात धूळ गेली की ती चाकात जाते आणि चाक खाते, म्हणून झाकण उघडं दिसलं की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. दुसरी, ट्रेलरवर माणूस बसणं. "ट्रेलरपे आदमी नक्को," हे वाक्य तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की शेजारचा चहावालाही म्हणायला लागला. भरलेल्या ट्रेलरवर ऐटीत बसलेल्या शेषरावांच्या सासऱ्यांना त्यानं एकदा हात धरून खाली उतरवलं होतं. सासरे आयुष्यभर रुसले, शेषराव मनातून खूश झाले.

मग तो काळ आला. आधी रझाकारांची धास्ती, मग पोलीस ॲक्शन, मग लष्कर शहरात आलं आणि रातोरात सगळे जुने देशभक्त निघाले. आमच्या वडिलांनी शेरवानी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आणि पांढरी टोपी आणली. कारखान्याच्या पाटीवर 'शाही ट्रेलर वर्क्स' होतं, ते शेषरावांनी पुसून 'जयहिंद ट्रेलर वर्क्स' केलं. रंगाऱ्याला सांगितलं, रंग पातळ लाव, पुढचं कुणी सांगावं. शेजारच्या न्हाव्यानं तर पाटीच काढली आणि नुसती भिंत ठेवली. तो आमच्या गल्लीतला सगळ्यात हुशार माणूस.

उस्ताद होता तसाच राहिला. त्याचे मेहुणे कराचीला जायच्या गोष्टी करत होते, नामपल्लीहून मुंबई आणि मुंबईहून बोट. त्यालाही चल म्हणत होते. "देखेंगे," एवढंच तो म्हणायचा, आणि पाना उचलायचा.

अशा दिवसांत बिदरकडचे नरसिंगराव पाटील आले. नवा ट्रॅक्टर घेतलेला, आणि विहिरीवर बसवायला मागवलेलं ऑइल इंजिन स्टेशनच्या मालधक्क्यावर येऊन पडलेलं. ते गावाला न्यायला त्यांना ट्रेलर पाहिजे होता. बरोबर धाकटा भाऊ माधव, अबोल, दादांच्या मागं चार पावलं चालणारा. उस्तादनं ट्रेलर तयार केला, हुकाला नवा खटका घडवून बसवला आणि म्हणाला, भरायला मी येतो. पाटील हसले.

"मिस्त्री, गाडी भरायला मला शिकवावं का आता? आमच्या भागात उसाच्या गाड्या भरायला मला बोलवून न्हेत्यात. तुमी जोडा, भरायचं माझं मी बघतो."

खरंच होतं ते. गाडी भरणं ही त्या माणसाची इभ्रत होती. मालधक्क्यावर त्यांनी स्वतः उभं राहून इंजिन चढवलं, पेंडीची पोती रचली आणि निघाले. पाटील ट्रॅक्टर चालवायला, माधव मागं पोत्यांवर.

दोन-चार दिवसांत बातमी आली. बिदरच्या वाटेवरच्या सदाशिवपेट गावाच्या पुढं उतारावर ट्रेलर शेपटासारखा हलायला लागला, खटका तुटला, कडी सुटली आणि सगळं खड्ड्यात. इंजिन वाचलं. माधवचा पाय गुडघ्याखाली मोडला, त्याला शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणलं.

बातम्यांचा प्रवास कसा होतो बघा. अपघाताच्या जागी 'खटका तुटला' एवढंच होतं. वाटेत कुठंतरी त्याला 'मिस्त्री मुसलमान' चिकटलं. पोलिसांच्या कचेरीत पोचली तेव्हा पुढं 'मुद्दाम' लागलेलं होतं. हा शब्द कुणी घातला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाटलांनी घातला नव्हता, पण खोडलाही नाही.

दोन शिपाई उस्तादला न्यायला आले तेव्हा तो नट आवळत होता. तो पुरता आवळला, रॉकेलनं हात धुतले, फडक्याला पुसले आणि त्यांच्याबरोबर गेला. शेषराव त्या वेळी आतल्या खोलीत फार महत्त्वाचं काहीतरी शोधत होते. शिपाई गल्लीच्या टोकाला गेल्यावर ते सापडलं. मग बाहेर येऊन म्हणाले, "गोविंदा, आपला त्याचा तसा काय संबंध? कामाला होता, एवढंच." ज्याच्या हातांवर त्यांचं घर चाललं त्याच्याबद्दल हे बोलले. मला त्या माणसाचा त्या दिवशी जो संताप आला तो आजही पुरता उतरलेला नाही.

त्या दिवसांत आत गेलेला माणूस कधी बाहेर येईल याचा भरवसा नव्हता. उस्तादचे मेहुणे त्याच्या घरी येऊन बसले. ते दुसऱ्या दिवशी निघणार होते, आणि इब्राहीम सुटला नाही तर बहिणीला आणि मुलांना घेऊनच जातो म्हणाले. त्यांचंही काय चुकलं? उस्तादची बायको दारात उभी राहून मला म्हणाली, "गोविंदभाई, उनो कुछ गलत काम नई करते. तुम तो जानते ना." मी जाणत होतो. माझ्या जाणण्याला कुठल्या कचेरीत किंमत होती?

तरी गेलो. कचेरीत नवे साहेब होते, दूरच्या प्रांतातून आणलेले. त्यांना मराठी येत नव्हती, उर्दू येत नव्हती, तेलुगू येत नव्हती. हैदराबादचा कारभार निःपक्षपातीपणे चालवायला इतकं पुरेसं होतं. मी उर्दूत बोलायचो, कारकून इंग्रजी करायचा.

"खटका तुटला की नाही?" साहेबांनी विचारलं.

"तुटला, साहेब."

"बसवला कुणी?"

"उस्तादनं."

"मग झालं."

दोन आणि दोन चार करणारी माणसं सरकारनं मुद्दाम लांबून आणवली होती. इथल्या लोकांना तेवढं जमलं नसतं. फिर्यादीचं म्हणणं बदललं तर बघू, असं म्हणून साहेबांनी मला रजा दिली.

तो खटका पुरावा म्हणून साहेबांच्या टेबलावर होता, कागदांवर वजन म्हणून ठेवलेला. उठता उठता माझं तिकडं लक्ष गेलं आणि मी थांबलो. खटका वरच्या बाजूला वाकून तुटला होता. ट्रॅक्टर ट्रेलरला पुढं ओढतो, मग खटका वर कसा वाकेल? कडी खालून वर रेटली असेल तरच. म्हणजे दांडा वर उचलत होता. म्हणजे पुढं वजनच नव्हतं. मी साहेबांना सलाम केला आणि थेट दवाखाना गाठला.

पाटील भावाच्या खाटेशी स्टुलावर बसले होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"पाटील, भांडायला आलो नाही. एवढंच सांगा, गाडी कशी भरली होती?"

या प्रश्नावर तो माणूस गप्प बसूच शकत नव्हता. "कशी म्हंजे? नीट भरली होती. इंजिन चाकाच्या मागं, पेंडीची पोती त्याच्याबी मागं. पुढं कायबी नाही."

"पुढं का नाही?"

"नवं जनावर हाय की ओ," पाटील म्हणाले. "घरात येऊन महिना नाही झाला. पहिल्याच खेपेला मानंवर वझं टाकावं का? मान हलकी ठिवली."

ट्रॅक्टरची मान. मला हसू यायला पाहिजे होतं, पण नाही आलं. पाटलांनी कुचराई केली नव्हती. त्यांनी दया केली होती. बापानं शिकवलं होतं तसं जनावराच्या मानेचं ओझं काढून घेतलं होतं, आणि जनावर लोखंडाचं असलं म्हणून काय झालं?

मी म्हटलं, "बैलगाडी अशी भरली असती का तुम्ही?"

"बैलगाडी कोण अशी भरंल? उलाळ हुईल की."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. गाडीत मागं जास्त वजन झालं की पुढची बाजू जूसकट वर उचलते. तिला उलाळ म्हणतात. जू वर गेलं की बैलाच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो आणि बैल फासावर लटकल्यासारखा होतो. म्हणून जाणता माणूस मानेवर थोडं वजन ठेवतोच.

"मग हिला उलाळ होणार नाही असं का वाटलं?"

"ट्रॅक्टरला कुठं गळा हाय? फास बसायचं भ्या नाही, म्हणून म्हटलं सगळंच मागं..." पाटील बोलता बोलता थांबले. त्यांचे दोन्ही हात आपोआप वर आले होते, जू उचलतं तसे. ते त्या हातांकडे बघत राहिले.

तेव्हा खाटेवरून माधव बोलला. मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "दादा, उलाळच होती. मला मागनं दिसत होतं. दांडा वर खाली हुईत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी भरली होती," माधव म्हणाला.

 पाटील हळूच म्हणाले, "म्हंजे पाय मी मोडला म्हणा की ह्याचा." मग म्हणाले, "उद्या बघू." मला समजत होतं ते काय म्हणतायत. हे कचेरीत सांगायचं म्हणजे गावात सांगायचं. उसाच्या गाडीवर त्यांना परत कुणी बोलावणार नव्हतं, आणि आईला काय सांगायचं ते वेगळंच. पण माझा तोल गेला. मी म्हटलं, "उद्या त्याची बायको-मुलं मुंबईच्या गाडीत बसलेली असतील, पाटील. तुम्ही ट्रॅक्टरची मान जपली. ज्यानं खटका घडवला त्याची मान कुणी जपायची?"

माझ्या तेव्हाच्या वयाच्या माणसानं पाटलांशी असं बोलू नये. ते उठले, रुमाल डोक्याला गुंडाळला आणि माधवकडे न बघता चालायला लागले.

कचेरीत साहेब निघण्याच्या तयारीत होते. पाटील टेबलासमोर उभे राहिले आणि मराठीत सरळ सांगितलं, "गाडी मी चुकीची भरली. मिस्त्रीचा कायबी दोष नाही." कारकुनानं इंग्रजी केलं. साहेबांना ते आवडलं नाही. अहवाल वर गेला आहे, असं त्यांनी कळवलं. वर गेलेला कागद खाली येण्याची सोय नव्या राज्यात अजून व्हायची होती.

पाटील म्हणाले, "कागद वर गेला असंल तर मला बी वर धाडा. माणूस तेवढा खाली सोडा."

"मग जबाबदार कुणाला धरायचं?"

पाटलांनी दोन्ही हात पुढं केले. "भाऊ माझा, पाय त्याचा, गाडी मी भरली. मला धरा."

साहेबांनी पुस्तक चाळलं. ट्रॅक्टरची दया येऊन सख्ख्या भावाचा पाय मोडला, या गुन्ह्याला त्यात कलम नव्हतं. जरा वेळानं, कलम सापडत नाही म्हणून, उस्तादला सोडलं.

मेहुणे गेले. बायको-मुलं राहिली. शेषरावांनी उस्तादसाठी खास चहा मागवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला पहिल्यापासून ठाऊक होतं." उस्तादनं चहा घेतला, कप खाली ठेवला आणि कामाला लागला. पण तो शिव्या देईना. मी पाना चुकीच्या जागी ठेवला, काही नाही. गिऱ्हाइकाला उलट बोललो, काही नाही. दिवसाकाठी दोन शब्द बोलायचा आणि मुंबईच्या गाडीची शिट्टी झाली की हातातलं काम थांबवून ऐकत राहायचा. मला भीती वाटायला लागली. हा पुढच्या गाडीनं जाणार, आणि आपण काय बोलून थांबवणार? थांबा म्हणायला आम्ही त्याला मोठं सुखात ठेवलं होतं?

ट्रेलर दुरुस्त झाला, इंजिन खड्ड्यातून निघून कारखान्याच्या अंगणात आलं. पाटील न्यायला आले, एकटेच. उस्तादनं नवा खटका घडवून बसवला. मग बाजूला सरून म्हणाला, "भरो, पाटीलसाब."

"मी नगं. तुमीच भरा," पाटील म्हणाले.

"नई. तुम भरो. थोड़ा बोझा गर्दनपे रखो, बस."

पाटलांनी भरलं. या वेळी इंजिन चाकाच्या किंचित पुढं, पोती दोन्हीकडं वाटून. भरून झाल्यावर दांडा उचलून बघितला, खाली ठेवला, परत उचलून बघितला. ट्रॅक्टरकडे जाता जाता खाली बघत म्हणाले, "गावातनं कुणी आलं नाही बरोबर. मी भरलेल्या गाडीवर बसायला तयार कोण हुईल?"

उस्तादनं रॉकेलनं हात धुतले. शिपाई आले त्या दिवशी धुतले होते तसेच, सावकाश. फडक्याला पुसले, आणि ट्रेलरच्या मागच्या फळीवर चढून, माधव बसला होता त्या जागी जाऊन बसला.

मी म्हटलं, "उस्ताद, ट्रेलरपे आदमी नक्को."

"आज होना," तो म्हणाला. होना म्हणजे आमच्याकडे पाहिजे. पाटलांनी मागं वळून एकदा बघितलं, रुमालानं तोंड पुसलं आणि ट्रॅक्टर इतका हळू काढला की शेजारचा चहावाला सोबत चालत कोपऱ्यापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उस्ताद प्रवासी मोटारीनं परत आला. बगलेत पाटलांच्या घरची भाकरी-चटणी बांधलेली. आत शिरला, सगळीकडे नजर फिरवली, ग्रीसच्या डब्यापाशी थांबला आणि जी सुरुवात केली ती माझ्या पणजोबांपर्यंत जाऊनच थांबला. शेषराव आतून पळत आले. मी खाली मान घालून ऐकत उभा राहिलो, डोळे भरून आले होते म्हणून वर बघता येईना. डब्याचं झाकण मी सकाळीच काढून ठेवलं होतं. साहेबांना हवा होता तो 'मुद्दाम' त्या कारखान्यात एकदाच झाला, आणि तो मी केला.